एका 'झाला'साठी इंग्रजीत किती क्रियापदं?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'बिकम', 'गेट', 'गो', 'टर्न' या सगळ्यांचा अर्थ शाळेत 'होणे' एवढाच सांगितला. मग कुठे कोणतं वापरायचं? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आधी बघा, पुढे नाम येतंय की विशेषण. निम्म्या चुका इथेच होतात. नाम असेल तर 'बिकम' घ्या : 'शी बिकेम अ डॉक्टर', 'इन 1956 नागपूर बिकेम पार्ट ऑफ बॉम्बे स्टेट'. 'गेट'पुढे नाम आलं की अर्थ होतो मिळवणे किंवा आणणे. मुलाखतीत 'आय वॉन्ट टू गेट अ डॉक्टर' म्हणालात, तर समोरच्याला वाटेल घरी कुणी आजारी आहे.

विशेषण असेल तर बोलताना 'गेट' : गेट टायर्ड, गेट हंग्री. 'बिकम' तिथे चूक नाही, पण ते अर्ज-अहवालात जास्त शोभतं.

'गो' बहुतेक बिघाडाचं. संत्री सडली, 'द ऑरेंजेस वेंट बॅड'. तसंच गो ब्लाइंड, गो बाल्ड, गो बँकरप्ट. मात्र म्हातारपण, आजारपण आणि थकवा याला अपवाद. 'गो ओल्ड' कुणी म्हणत नाही. गेट ओल्ड, फॉल इल म्हणतात. रंग बदलला तर 'गो' आणि 'टर्न' दोन्ही चालतात. वय पूर्ण झालं तर 'टर्न' : 'शी टर्न्ड 18'. फॉल अस्लीप, कम ट्रू या जोड्या पाठच कराव्या लागतात.

आता तुम्ही न विचारलेलं, पण सगळ्यात जास्त नडणारं. मराठीत 'लग्न झालंय' म्हटलं की घटनाही कळते आणि आजची स्थितीही. इंग्रजीत दोन्ही वेगळ्या. 'केव्हा?' याचं उत्तर देताना बदलाचं क्रियापद : 'दे गॉट मॅरिड इन 2019'. 'केव्हापासून?' याचं उत्तर देताना 'बी' : 'दे हॅव बीन मॅरिड सिन्स 2019'. 'दे गॉट मॅरिड सिन्स 2019' ही चूक आपल्याकडे सर्रास ऐकू येते. लग्न एका दिवशी लागतं, ते 'सिन्स'ला कसं जोडणार?

नागपूरच्या उन्हाचंही तेच. जन्म इथलाच असेल तर 'आय ॲम यूज्ड टू द हीट'. नोकरीसाठी मार्चमध्ये आलेला पाहुणा मात्र म्हणेल, 'आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट'. या 'टू'पुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लावा : 'यूज्ड टू वर्किंग इन द हीट'. 'टू वर्क' लिहिलंत तर गुण जातील.