श्रद्धा, उपचार आणि संमतीची सही

प्रश्न : आईच्या धर्मात रक्त घेणं निषिद्ध आहे. शस्त्रक्रिया ठरली आहे. तिच्या नकळत आम्ही मुलांनी 'गरज पडल्यास रक्त द्या' असं लिहून दिलं तर?

चालणार नाही. आई सज्ञान आहे, तिला सगळं समजतं आहे, तेव्हा सही तिचीच. समीरा कोहली प्रकरणात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. जिवावरची तातडी नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती संमती अमान्य केली.

घोळ होतो तो नुसतं 'रक्त नको' लिहिल्याने. लाल पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा, अल्ब्युमिन हे रक्तातले घटक, शिवाय शस्त्रक्रियेत सांडलेलं स्वतःचंच रक्त यंत्राने धुऊन परत चढवणं, या प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहा. नकाराने काय होऊ शकतं हे डॉक्टरांनी समजावल्याची नोंदही त्याच कागदावर हवी. आणि हिमोग्लोबिन आजच तपासा. लोह कमी असेल तर ते भरून निघायला काही आठवडे लागतात.

प्रश्न : मुलासाठी आईवडील असा नकार देऊ शकतात?

स्वतःपुरता नकार हा हक्क आहे, पण त्यासाठी लेकराचा जीव पणाला लावता येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 30 संमतीशिवाय उपचार करणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देतं, पण पालकांना विचारायला वेळच नसेल तेव्हा. पालक समोर उभे राहून नाही म्हणत असतील, तर या कलमावर विसंबणं धोक्याचं. रुग्णालयाने लगेच 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवून बालकल्याण समिती गाठावी, वेळ असेल तर उच्च न्यायालयात जावं. जाणूनबुजून हेळसांड केल्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम 75 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : साप चावलेल्याला मांत्रिकाकडे नेलं तर गुन्हा होतो?

प्रार्थना करणं गुन्हा नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं मात्र महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे : 6 महिने ते 7 वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. पण तक्रार नंतर करा. आधी चावलेला हात-पाय न हलवता, करकचून न बांधता रुग्णालय गाठा. विषावर उतारा प्रतिविषाचाच.

प्रश्न : धर्माचं कारण सांगून लस नाकारता येते?

सज्ञान माणसाला बळजबरीने लस टोचता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये सांगितलं. पण धर्मस्वातंत्र्य देणारं संविधानाचं कलम 25 सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. त्यामुळे साथीत सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं.