कच्चं काम, पक्कं काम

घरी राहून चित्रकलेचे किंवा डिझाइनचे काम करणाऱ्या स्त्रिया समुपदेशनासाठी येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. घराला वेळ दिला की काम राहते, कामाला दिला की घर राहते, आणि एका ठिकाणी असताना दुसरीकडे आपण काहीतरी बुडवत आहोत असे वाटत राहते. हे कधी जुळणार, की मुळात ही आवड जपणे हाच स्वार्थ आहे? या प्रश्नाला नीट आखलेले वेळापत्रक हे उत्तर आहे, असे मलाही बरीच वर्षे वाटत होते. ज्या बाईंमुळे माझे ते मत बदलले त्यांची हकिकत त्यांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या ३७ वर्षांच्या, पुण्यात राहणाऱ्या. उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे एका जाहिरात संस्थेत नोकरी केली आणि मुलगी झाल्यावर घरूनच कामे घ्यायला सुरुवात केली: मुलांच्या पुस्तकांतील चित्रे, मुखपृष्ठे, आणि दरवर्षी चार-पाच दिवाळी अंकांतील कथाचित्रे. घरात पती, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. पती एका कारखान्यात अभियंता; सकाळी पावणेसातला कंपनीची बस पकडणारे. घरात भांडण नाही, कोणी कामाला विरोध करत नाही, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत तीनदा सांगितले आणि तिसऱ्यांदा सांगताना त्यांना रडू आले.

निमित्त गौरींचे होते. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’च्या अंकापासून मोजली जाते, आणि या परंपरेमागे चित्रकारांचे जे श्रम असतात ते पंचांगाच्या दृष्टीने फारच गैरसोयीच्या काळात येतात. अंक दिवाळीच्या आधी वाचकांच्या हाती पडायचा तर चित्रे छपाईसाठी सप्टेंबरच्या सुमारास तयार हवीत, म्हणजे नेमका भाद्रपद, गणपती आणि ज्येष्ठा गौरी. त्या वर्षी गौरीपूजनाच्या आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत बसून त्यांनी एका कथेचे चित्र पूर्ण केले आणि झोपेच्या अंमलात चित्राचा एक लेअर, म्हणजे संगणकावरचा एक वेगळा थर, बंद ठेवूनच फाइल पाठवली. चित्रातला पाऊस त्यामुळे नाहीसा झाला, आणि कथा तर पावसाचीच होती. संपादकांनी चूक पकडली, दुरुस्तीही झाली, पण उरलेली दोन चित्रे त्यांनी दुसऱ्या चित्रकाराकडे सोपवली. इकडे पुरणपोळी आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य सासूबाईंनी जवळजवळ एकट्यांनी केला, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या तेव्हा सूनबाई आतल्या खोलीत गाढ झोपल्या होत्या. सासूबाई एक शब्दही बोलल्या नाहीत. “त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मॅडम,” असे बाई मला म्हणाल्या.

मी केले ते कोणीही केले असते. मुलगी शाळेत असते ते तास मोजले, दहा ते एक हा वेळ कामाचा ठरवला, दाराला चिठ्ठी लावायला सांगितली आणि पंधरा दिवसांनी या म्हटले. त्या नवव्या दिवशीच आल्या. दहा ते एक त्या टेबलापाशी बसत होत्या, आणि तरीही काम पूर्वीपेक्षा कमी होत होते. शिवाय आता वेळ हाताशी असूनही आपल्याला काही सुचत नाही, म्हणजे दोष घराचा नसून आपलाच आहे, असा नवा अपराध त्यांनी स्वतःवर लादून घेतला होता. तो लादायला माझे वेळापत्रक कारणीभूत झाले, हे मान्य करणे मला भाग होते.

मग आम्ही वेळापत्रक बाजूला ठेवले आणि एक आठवडाभर नोंद ठेवायचे ठरवले. प्रत्येक व्यत्यय कशामुळे आला, कोणामुळे आला, आणि त्या क्षणी त्या नेमके काय करत होत्या, एवढेच लिहायचे. सहा दिवसांत चाळीसच्या वर नोंदी झाल्या. कुरियर, गॅस सिलिंडर, सासूबाईंच्या गोळ्या, शाळेच्या ग्रुपवरचे निरोप, हे अपेक्षितच होते. मला ज्या दोन गोष्टींनी थांबवले त्यांतील पहिली म्हणजे सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांना कोणीही हाक मारलेली नव्हती; त्या आपणहून उठल्या होत्या. सासूबाई स्वयंपाकघरात असतानाही कुकरची शिट्टी झाली म्हणून उठल्या, ढग आले म्हणून वाळत घातलेले कपडे काढायला उठल्या. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी होती. इतरांकडून आलेले बहुतेक व्यत्यय त्यांच्या हातात स्टायलस, म्हणजे पडद्यावर चित्र काढायचे पेन, नसताना आले होते. त्या कथा वाचत होत्या, संदर्भासाठी छायाचित्रे चाळत होत्या, रफ काढून खोडत होत्या, किंवा नुसत्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

चित्रकाराचे काम आतून कसे चालते हे मला त्या नोंदींवरून त्यांनीच समजावून सांगितले. आधी मजकूर दोन-तीनदा वाचायचा, मग आगपेटीएवढे छोटे आराखडे काढायचे, त्यांतील एखादा निवडून त्याचा रफ करायचा, तो मंजूर झाला की रेषा पक्क्या करायच्या आणि शेवटी रंग. बघणाऱ्याला वाटते की शेवटचा टप्पा सर्वांत नाजूक. पडद्यावर चित्र उमलताना दिसते म्हणून घरातले तेव्हा पाय न वाजवता चालतात. प्रत्यक्षात रंग भरताना हात सरावाने चालतो, शेजारी रेडिओ लागला किंवा मुलीने पाढे म्हटले तरी काही बिघडत नाही. शांतता हवी असते ती पहिल्या टप्प्यांना, जेव्हा कागदावर काहीच दिसत नसते आणि बाई रिकाम्या बसल्या आहेत असे कोणालाही वाटावे. म्हणजे घर त्यांचे काम जपत नव्हते असे नाही. उलटे जपत होते.

अर्धवट टाकलेल्या कामाचा काही भाग मनात रेंगाळत राहतो आणि पुढच्या कामाला पूर्ण लक्ष मिळत नाही, हे सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे. नंतरच्या कामात त्यांना असेही आढळले की उठण्यापूर्वी आपण कुठे थांबलो आणि परतल्यावर काय करायचे हे चटकन लिहून ठेवले तर हा त्रास कमी होतो. मी हे सांगितले तेव्हा बाई हसल्या, कारण लिहिणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी लिहिण्याऐवजी निळ्या पेन्सिलने रफवर एक बाण काढायला सुरुवात केली. परत आल्यावर हात कुठून सुरू करायचा ते तो बाण सांगे.

पण या सगळ्याच्या मुळाशी गेलो ते मुलीच्या एका वाक्यामुळे. नोंदवहीत एके ठिकाणी लिहिलेले होते: “विचारलं, आई तू काम करतेयस की चित्र काढतेयस? मी म्हटलं, चित्र काढतेय गं, बोल.” मी तिथेच थांबले आणि हे उत्तर कुठून आले असे विचारले. त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग हळूहळू त्यांच्या माहेरचे घर बोलण्यात आले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत त्यांना ‘अ’ श्रेणी होती, घरात त्याचे कौतुकही होते, पण नियम एकच: अभ्यास झाला की चित्र, भांडी लावून झाली की चित्र. चित्र हे कर्तव्य संपल्यावरचे बक्षीस होते. आता त्याच चित्रांचे मानधन बँकेत जमा होत असले तरी ‘आधी सगळे आटोपू दे’ ही अट त्यांच्या मनाने कधी उठवलीच नव्हती. घरकाम तर आटोपत नसतेच. मुलीला ‘काम करतेय’ असे उत्तर मिळाले असते तर ती कदाचित थांबली असती. तिला जे सांगितले गेले त्यावरून तिने योग्यच निष्कर्ष काढला होता.

याला आणखी एक कारण जोडले गेले होते. नोकरीतल्या त्यांच्या मैत्रिणींना बाळंतपणानंतर रजा मिळाली, कारण २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे केली होती. रजा म्हटली की ती संपण्याची तारीख असते, त्या तारखेआधी पाळणाघर शोधले जाते, आजी येऊन राहते, घर हलते. स्वतंत्र काम करणाऱ्या या बाईंना रजा देणारे कोणी नव्हते, त्यामुळे त्यांना रुजू होण्याचा दिवसही कधी आला नाही. मुलगी तीन महिन्यांची असताना त्यांनी मांडीवर तिला घेऊन एक मुखपृष्ठ केले आणि तेव्हापासून त्या तशाच, घर न हलवता, काम करत राहिल्या. बाळंतपणात जे तास घराकडे गेले ते परत मागायचे असतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

चौथ्या भेटीला पती आले. मी थोडी सावध होते, पण ते गृहस्थ प्रामाणिक निघाले. “ती काम करते हे मला मान्यच आहे, पण कधी करते ते मला कळतच नाही,” असे ते म्हणाले, आणि या एका वाक्यात आमचे अर्धे काम झाले. ते आकडे आवडणारे, म्हणून मी त्यांना राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातील नोंद दाखवली: विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८. त्यांनी मनात स्वतःची मिनिटे मोजली असावीत, कारण काही वेळ ते गप्प होते. खरे तर अशा सरासरीने कोणत्याही एका घराचा निवाडा होत नसतो, आणि मी तो केलाही नाही.

त्यांची काळजी वेगळीच होती. मानधन कधी येईल याचा नेम नाही, घराचा हप्ता मात्र पाच तारखेला जातो, त्यामुळे पत्नीचे उत्पन्न ते ‘आले तर आले’ या खात्यात धरत होते, आणि जे उत्पन्न हिशोबात नाही त्यासाठी सकाळची व्यवस्था बदलावी असे त्यांना सुचलेही नव्हते. बाईंनी तर कोरड्या महिन्यांबद्दल बोलायचेच टाळले होते. मी दोघांना मागच्या तीन वर्षांच्या जमा रकमा एका कागदावर मांडायला सांगितल्या. वर्षाची बेरीज घरखर्चाच्या साधारण एक तृतीयांश निघाली, आणि हे पाहून पतींपेक्षा बाईंनाच जास्त आश्चर्य वाटले. त्यानंतर कामाच्या पैशासाठी वेगळे खाते उघडले गेले, त्यातून दरमहा ठरावीक रक्कम घरात यायला लागली. (सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी केलेल्या व्यक्तीचे पैसे ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत अशी कायद्यात तरतूद आहे, ती आपल्या कामाला कशी लागू होईल हे सनदी लेखापालाला विचारा, एवढे मी सुचवले. समुपदेशकाच्या खोलीत हा विषय निघू नये असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही.)

सासूबाई माझ्याकडे कधी आल्या नाहीत आणि मीही आग्रह धरला नाही. त्यांच्याशी बोलायचे ते सुनेने, घरात, घरच्या शब्दांत. बाईंनी एका दुपारी कथेची छापील पाने, छोटे आराखडे, रफ आणि रंगवलेले चित्र असे सगळे ओळीने जेवणाच्या टेबलावर मांडले आणि सांगितले, “आई, मी नुसती बसलेली दिसते ना, तेव्हा हे पहिलं चाललेलं असतं. हे कच्चं काम. हे रंगाचं पक्कं.” सासूबाईंनी सगळे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, “मग हे आधी सांगायचंस की. मला वाटायचं, तुला करमत नाहीये.” सात वर्षे एका घरात राहणाऱ्या दोन बायकांमध्ये एवढा साधा गैरसमज असू शकतो.

‘कच्चं’ आणि ‘पक्कं’ हे शब्द मग घराचे झाले. कच्च्या कामाला पेन्सिल आणि कागद पुरतो, तेव्हा ते सकाळी साडेनऊ ते साडेअकरा झोपण्याच्या खोलीत, दार लावून, फोन बाहेर ठेवून. पक्के काम संध्याकाळी हॉलमधल्या संगणकावर, शेजारी मुलगी गृहपाठ करत असताना. कुरियर आणि सिलिंडर सासूबाई बघतात; आठवड्यातील तीन संध्याकाळी स्वयंपाक पतींकडे असतो, त्यांपैकी एक दिवस हमखास खिचडी होते. मुलीच्या परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या आठवड्यात यातले बरेचसे कोसळते. पण पूर्वी कोसळल्यावर पुन्हा उभे करायला काही नसायचे, आता काय उभे करायचे ते चौघांनाही माहीत असते. कपडे आणि कुकरसाठी आपणहून उठण्याची सवय मात्र सर्वांत चिवट निघाली. त्यावर आम्ही अजूनही बोलतो.

पुढच्या वर्षी त्यांनी पाचऐवजी तीनच दिवाळी अंक घेतले आणि संपादकांकडे कथा आषाढातच मागितल्या, म्हणजे कच्चे काम गणपतीच्या आधी संपेल. दोघांनी पाठवल्या. तिसऱ्यांची कथा गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी आली, आणि बाईंनी पहिल्यांदाच काम परत केले. त्या वर्षी हळदीकुंकवाला त्या दारात उभ्या होत्या. दिवाळीनंतर त्या तो अंक घेऊन माझ्याकडे आल्या आणि त्या कथेचे पान उघडून बराच वेळ पाहत बसल्या. चित्र दुसऱ्या कोणाचे होते आणि चांगले होते. “ही गोष्ट मला करायची होती,” त्या म्हणाल्या. घेतली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मी विचारला नाही, त्यांनीही काढला नाही. जाताना त्यांनी जिन्यातूनच त्या संपादकांना पुढच्या वर्षीचा मजकूर लवकर मिळेल का असा निरोप पाठवला. उत्तर अजून आलेले नाही.