बायोडेटातला ‘गव्हाळ’

“ताई, मुलगी सावळी आहे. स्थळं परत जातात. आम्ही करायचं तरी काय?” हा प्रश्न घेऊन बऱ्याच आया माझ्याकडे येतात. त्यातल्या एकीबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी सव्वीसची, नोकरी करणारी. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडायला तयार नव्हती. आईच बोलत होत्या, “नाकीडोळी नीटस आहे, शिकलेली आहे, पण...” तो ‘पण’ आला की मुलगी मान खाली घालायची.

बऱ्याच वेळाने स्कार्फ सुटला. गाल लालबुंद, त्यावर बारीक पुरळ. आत्याने सुचवलेलं मलम, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं, दोन वर्षं रोज रात्री लावत होती. त्यात स्टेरॉइड होतं. अशा मलमाने सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून विश्वास बसतो. हळूहळू त्वचा पातळ होते, आणि मलम थांबवलं की आग आणि पुरळ उसळतं. मग घाबरून पुन्हा तेच लावायचं. मी आधी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मलम कसं सोडायचं हे त्यांनीच सांगायचं असतं.

पुढच्या भेटीत मुलीशी एकटीशी बोलले. “नकार देणारे तासाभरात जातात,” ती म्हणाली, “आई रोज असते.”

हे आईंना तिने स्वतः सांगितलं, माझ्यासमोर. त्या खूप रडल्या. लग्नानंतर सासरी त्यांनाही ‘काळी’ म्हणत. हिच्या वेळी त्यांनी नऊ महिने केशर घातलेलं दूध प्यायलं होतं. “माझ्या वाट्याला आलं ते हिच्या वाट्याला नको, एवढंच होतं हो.” मला ते पूर्ण पटतं. आया दुष्ट नसतात, धास्तावलेल्या असतात. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 साली आलं. त्यांची पिढी त्या जाहिराती बघतच वाढली. 2020 मध्ये नावातलं ‘फेअर’ गेलं, पण लग्नाच्या बायोडेटात ‘वर्ण’ अजून विचारतात. त्यामुळे ‘रंगाने काही फरक पडत नाही’ असं मी कुठल्याच आईला सांगत नाही. पडतो. म्हणून तर निदान घरात तरी तो विषय बंद हवा. महिनाभर रंगावर एक शब्द नाही, कौतुकाचासुद्धा नाही, एवढंच त्यांना करायला सांगितलं.

दोनदा चुकले, असं त्यांनी येऊन प्रामाणिकपणे सांगितलं.

सोबत बायोडेटा आणला होता. ‘वर्ण : गव्हाळ’ ही ओळ काढून टाकू का, त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, “काढू नकोस. सावळा लिही.”

आईंनी माझ्याकडून पेन मागून घेतलं.