कोकणातल्या मनोरुग्णालयात अटेंडंट म्हणून लागतोय. रुग्ण भडकला तर आधी धरायला शिकू की बोलायला?

आधी बोलायला, आणि त्याहून आधी उभं राहायला. मी वॉर्डात सिस्टर आहे, नवीन पोरांना हेच करून दाखवते: हात लांब करून मोजले तर दोन हात लांब, थोडं तिरकं, तळवे दिसतील असे, दार अडवायचं नाही. गळ्यातलं ओळखपत्र आधीच खिशात घाला, ओढाओढीत तेच हातात सापडतं. बोलणारा एकच, बाकीच्यांनी इतर रुग्णांना बाजूला न्यायचं. वाक्यं छोटी, शक्यतो त्याच्याच बोलीत. सावंतवाडीकडच्या माणसाला “शांत व्हा” म्हटलं की तो आणखी चिडतो; “काय झाला? माका सांग” म्हणून गप्प राहिलात तर पुष्कळदा बोलतो. ती गप्प राहण्याची सवय नुसतं ऐकून लागत नाही, एकाने रुग्ण बनून पुन्हा पुन्हा सराव करावा लागतो.

धरणंही शिकावंच लागतं, पण शेवटी. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017, कलम 97 प्रमाणे तात्काळ इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, तेही प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने. शिक्षा म्हणून नाही, आणि “स्टाफ कमी होता” हेही कारण चालत नाही. मात्र हातात कोयता वगैरे असेल तर बोलत बसू नका; अंतर वाढवा, माणसं बोलवा.