खाडीपाशी थांबा, पुढचं पुढच्या खेपेला

प्रश्न : चिपळुणात आमचं किराणा दुकान आहे. मांडव्यापासून रेडीपर्यंत अख्खी किनारपट्टी स्कूटरवरून एका दमात करायची, हे लग्न झालं तेव्हापासूनचं ठरलेलं. दहा दिवस लागतील असा अंदाज आहे. पण दुकान तीन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवता येत नाही, घरी सासूबाई असतात आणि यांची कंबर सलग दोन तासांवर साथ देत नाही. बेत सोडून द्यावा का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : बेत सोडू नका, त्यातलं ‘एका दमात’ तेवढं सोडा. कोकणचा किनारा मुळात सलग नाहीच. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री समुद्राला मिळताना खाडी करतात आणि किनाऱ्याचा रस्ता तिथे तुटतो. तुकडे पाडायच्या जागा आयत्याच आखलेल्या आहेत. शिवाय तुम्ही मधोमध राहता. मुंबईकराचा पहिला दिवस नुसता हायवेवर जातो, तो तुमचा वाचतो.

आधी हिशेब. किनाऱ्याच्या रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरच धरा. अरुंद वळणं, चढउतार आणि गावं त्याहून पुढे जाऊ देत नाहीत. यांच्या कंबरेला सकाळी दोन तास आणि दुपारनंतर दोन तास, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त 100 किलोमीटर. खरं तर 70 वर थांबावं, नाहीतर समुद्र फक्त आरशात दिसतो.

पहिली खेप तीन दिवसांची. चिपळूणहून गुहागर, मुक्काम वेळणेश्वरला. दुसऱ्या दिवशी हेदवी करून तवसाळला या, फेरीबोटीने जयगडला उतरा आणि गणपतीपुळ्याला मुक्काम करा. तिसऱ्या दिवशी निवळीला हायवे गाठून घरी. दुसऱ्या खेपेला उत्तरेकडे : धोपाव्याहून दाभोळ, मुक्काम हर्णैला, मग आंजर्ले, केळशी आणि वेश्वीहून बागमांडला, मुक्काम हरिहरेश्वरला. परतताना म्हसळा-माणगाववरून हायवे धरलात तर एका दिवसात दीडशेहून अधिक किलोमीटर पडतील. कंबरेला ते झेपणार नाही. त्यापेक्षा सकाळच्या बोटीने परत वेश्वीला या आणि मंडणगड, खेड करत घर गाठा.

फेरीबोटीवर बेत फसतो तो दोन कारणांनी. पहिलं म्हणजे शेवटची फेरी चुकणं. मग धोपाव्यासमोर दिसणाऱ्या दाभोळला जायला चिपळूण-खेडचा अख्खा वळसा. म्हणून खाडी नेहमी दिवस मावळायच्या बऱ्याच आधी ओलांडा, आदल्या दिवशी फोन करून वेळा विचारा आणि सुटे पैसे जवळ ठेवा. दुसरं कारण ओहोटी. पाणी उतरलं की गाळामुळे बोट धक्क्याला लागायला वेळ लागतो.

यासाठी मच्छीमारांचा आडाखा पाठ करा : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, तर ऐन दुपारी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, तीही उधाणाची. हेदवीची बामणघळ, म्हणजे भरतीचं पाणी जिच्यातून उसळतं ती खडकातली भेग, बघायची ती अशाच वेळी. ओहोटीला तिथे कोरडी भेग दिसते. त्यामुळे पहिल्या खेपेची तारीख पौर्णिमेच्या मागेपुढे धरा. मात्र भरतीत घळीच्या काठावर उतरू नका, खडक शेवाळलेले असतात.

मालवण ते रेडी या तुकड्याला स्कूटर घरीच ठेवा. ती रेल्वेने पाठवता येते, पण टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसीची प्रत लागते, गोणपाटात बांधून घ्यावी लागते आणि जिथे गाडी दोन मिनिटं थांबते तिथे ती उतरवून मिळेलच असं नाही. कुडाळला उतरा आणि मालवणात भाड्याची स्कूटर घ्या. ती आधी फोनवर ठरवलेली बरी. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख त्याच दिवशी पक्की करा. मांडवा-मुरूड, विजयदुर्ग-देवगड असे उरलेले तुकडे नंतर कधीही जोडता येतील. जून ते सप्टेंबर मात्र यातली एकही खेप नको.

प्रश्न : निवृत्तीनंतर ठाण्याचा फ्लॅट विकून राजापूरजवळच्या वडिलोपार्जित घरी कायमचं राहायचं आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : फ्लॅट विकू नका, वर्षभर भाड्याने द्या. गावच्या घरात राहायला जा ते जूनमध्ये, मे महिन्यात नव्हे. कौलं कुठे गळतात, वासे-रिपांना वाळवी कुठे लागली आहे, वीज किती दिवस जाते, हे पहिल्या आषाढातच कळतं. मे महिन्यात मात्र विहिरीची पातळी मोजायला विसरू नका. खारं वारं लागत असेल तर लोखंडी ग्रिल, बिजागऱ्या आणि पंप पाहता पाहता गंजतात, तेव्हा खर्चाच्या अंदाजात दुरुस्ती दरवर्षीची धरा.

एक पैसाही घालण्याआधी सातबारा आणि फेरफार काढा. सामाईक नावं असतील तर सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या, मयतांची वारसनोंद करून घ्या. घर दुरुस्त झाल्यावर हिस्सा मागायला येणारा चुलतभाऊ वाईटच असतो असं नाही. त्याला आधी कुणी विचारलेलं नसतं.

प्रश्न : मुलांना दिवाळीच्या सुट्टीत वेळासला कासवाची पिल्लं दाखवायची आहेत.

उत्तर : दिवाळीत ती नसतात. मादी साधारण हिवाळ्यात अंडी घालते आणि पिल्लं बाहेर यायला दीड महिन्याहून अधिक लागतो. त्यामुळे फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ धरा. शाळा बुडवायची नसेल तर शनिवारी मुक्कामाला जा. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, तेव्हा दोन संधी मिळतात.