टायमरचा इंटरप्ट येतच नाही!

प्रश्न: ॲपलच्या एम१ मॅक मिनीवर हौसेखातर स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. सिरियल पोर्टवर अक्षरं उमटतात, पण त्याचा इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक) एकदाच येतो आणि मग गप्प, टायमरचा तर कधीच आला नाही. या हाका गोळा करून प्रोसेसरकडे पोचवणाऱ्या इंटरप्ट कंट्रोलरची माहिती ॲपलने कुठे छापलेलीच नाही, मग शोधायचं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी टायमर, कारण तिथे तुम्ही भलत्याच स्टेशनवर वाट बघताय. बऱ्याच आर्म मशीनमध्ये टायमरचा इंटरप्ट जीआयसी नावाच्या कंट्रोलरमधून येतो म्हणून सगळे एम१वरही तो एआयसीत, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये, शोधतात, पण इथे तो एआयसीकडे जातच नाही, थेट कोअरला एफआयक्यू (नेहमीच्या आयआरक्यूहून वेगळा, दुसऱ्या प्रकारचा इंटरप्ट) म्हणून लागतो. लिनक्सच्या ६४ बिट आर्म कर्नलमध्येही एफआयक्यूची सोय नव्हती, जून २०२१च्या ५.१३ मध्ये ती एम१साठी घालावी लागली, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. टायमरचं कंट्रोल रजिस्टर वाचा. बिट ० मध्ये १, बिट १ मध्ये ० आणि बिट २ मध्ये १ दिसला तर टायमरने त्याचं काम केलंय, अडलंय तुमच्याकडे. व्हेक्टर टेबलात (इंटरप्ट आल्यावर प्रोसेसर जिथे उडी मारतो तो तक्ता) हेक्स ३०० ऑफसेटला हँडलर, म्हणजे इंटरप्ट हाताळणारा कोड, आहे का बघा, आणि डीएआयएफ या इंटरप्ट अडवणाऱ्या रजिस्टरमधला एफ (एफआयक्यूचा) बिटही क्लिअर करा, नुसता आय (आयआरक्यूचा) करून भागत नाही. एफआयक्यूला नंबर नसतो हं, कोणी बोलावलं ते हँडलरनेच एकेकाला विचारायचं.

आता सिरियल पोर्ट. एआयसीत सॉफ्टवेअरनेच लाइन उठवायचं रजिस्टर आहे, त्याने एक रिकामी इंटरप्ट लाइन अनमास्क करून (म्हणजे तिची अडवणूक काढून) उठवा, कुठली लाइन उठली ते सांगणारं इव्हेंट रजिस्टर वाचा, आणि वाचायच्या आधी-नंतर मास्क रजिस्टर तपासा. नंबर मिळतो आणि त्याच दमात त्या लाइनचा मास्क बिट १ होतो, म्हणजे ती लाइन अडवली जाते! तुमचा पोर्ट गप्प होतो तो इथेच. पोर्टचं पेंडिंग क्लिअर करा, मग मास्क-क्लिअर रजिस्टरमध्ये तो बिट लिहा.

बाकी रजिस्टरांत अंदाजपंचे दाहोदरसे लिहीत सुटू नका. ॲपलच्या मॅकवर लिनक्स आणणाऱ्या आसाही लिनक्सवाल्यांचं एम१एन१ हे बूटलोडर वापरा, त्याच्या हायपरव्हायझरखाली (दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या नजरेखाली चालवणारा प्रोग्राम) मॅकओएस चालवलं की ते कुठल्या पत्त्यावर काय लिहितंय ते समोर छापून येतं, आणि कुठल्या डिव्हाइसला कुठली लाइन हे तर ॲपलच्या डिव्हाइस ट्रीतच (मशीनमधल्या हार्डवेअरची यादी) असतं. फक्त मिनीवर जमलेला कोड एम१ प्रोवर तसाच टाकू नका, तिथे एआयसी २ आहे, ऑफसेट वेगळे.