पुलाला जाळी बसवून उपयोग होतो का?

प्रश्न : आमच्या गावाजवळ कृष्णेवरच्या पुलाचा कठडा कमरेइतकाच आहे. पुलावरून जीव देण्याचे प्रकार घडल्याने पंचायतीत जाळीचा विषय निघाला. काही सदस्य म्हणतात, 'ज्याला जायचंय तो दुसरी जागा शोधेल.' खरं काय?
– एक वाचक, चिकोडी तालुका (कर्नाटक)

उत्तर : हा समज पुरता खोडला गेलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर 1937 ते 1971 या काळात अडवलेल्या 515 जणांचा नंतर माग काढला, तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त लोक हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने वारले होते. तो झटका ओसरेपर्यंत माणूस थांबला, की बहुतेकदा वाचतो. जाळी तेवढा वेळ मिळवून देते.

मात्र ती नीट हवी. उंची निदान अडीच मीटर, गज उभे, दोन गजांत दहा सेंटिमीटरपेक्षा कमी फट, वरचं टोक आत वळवलेलं. आडवे गज म्हणजे शिडीच. जुना कठडा जाळीच्या आतल्या बाजूला राहिला तर त्याचीही पायरी होते. जाळी पुलाच्या टोकाशी न थांबवता दोन्ही काठांवर पुढे न्या.

गावातल्या वेल्डरकडून जुन्या कठड्यालाच जाळी जोडून घेऊ नका. वाऱ्याचा भार तो पेलेलच असं नाही. आणि आपल्याकडचे बंधारावजा पूल महापुरात बुडतात. पक्क्या जाळीत जलपर्णी, फांद्या अडकून पाण्याचा सगळा दाब पुलावर येतो. तिथे पावसाळ्याआधी काढता येतील अशा चौकटी हव्यात. हिशेब पुलाच्या अभियंत्याचा, म्हणून पूल कोणाचा ते आधी पाहा : पीडब्ल्यूडी, पाटबंधारे की महामार्ग प्राधिकरण. ठरावासोबत कन्नड अर्ज जोडा, फाईल लवकर हलते.

दोन्ही टोकांना कन्नड-मराठी फलक लावा : 'मन जड झालंय? बोला, 14416.' हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक. फुकट, चोवीस तास, मराठीतही. कॅमेरा लावणार असाल तर तो बघायला माणूस नेमा, नाहीतर नुसतं चित्रीकरण उरतं.

प्रश्न : पुलावर कोणी घुटमळताना दिसलं तर?

उत्तर : शेजारी उभे राहा, नाव विचारा, 'जीव द्यायचा विचार येतोय का?' असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उपदेश नको, मोबाईलवर चित्रण तर नकोच. दुसऱ्याला 112 लावायला सांगा, पण त्या माणसाला एकटं सोडू नका. पोलिसी लचांडाच्या भीतीने घरचे बहुधा प्रकरण दाबतात. त्यांना सांगा : 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरतं, आणि त्याच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं.